‘आपला’ उन्हाळा नक्की कुणाचा?

‘ब्रिटिश समर’ नावाची काही एक वस्तू या जगात आहे, यावरचा माझा विश्वास आता पार उडाला आहे. लंडनचा उन्हाळा आहे, लँकेशरचा आहे, स्कॉटलंडचा आहे. समुद्रकाठचा वेगळा, डोंगराच्या अलीकडचा वेगळा आणि पलीकडचा त्याहून वेगळा. पण टीव्हीवरची हसतमुख मंडळी रोज संध्याकाळी ज्या एका उन्हाळ्याविषयी ‘आपला उन्हाळा’ म्हणून बोलतात, तो मला काही अजून भेटलेला नाही. आणि अकरा वर्षं झाली, मी त्याची वाट बघते आहे!

नेहमीच्या वाचकांना माझी कहाणी ठाऊक आहे. नवीन कुणी असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाई तालुक्यातल्या एका शाळेत मी ३३ वर्षं भूगोल आणि मराठी शिकवलं. आमचे हे गेल्यापासून, मधली करोनाची दोन वर्षं सोडली तर, दरवर्षी एप्रिलच्या मध्याला लेकीकडे बोल्टनला येते आणि सप्टेंबर सरता सरता परत जाते. बोल्टन म्हणजे मँचेस्टरपासून दहा-बारा मैलांवरचं, एके काळी कापडगिरण्यांसाठी नावाजलेलं गाव. माझा भाचा राहतो रेडिंगला, लंडनच्या पश्चिमेला. दोन्ही घरांत अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून नागपूर याच्या दुप्पट लांब आहे.

आता जून-जुलैमधला कुठलाही एक दिवस घ्या. सकाळी टीव्ही लावला की बातमी असते, ‘देशभर कडक ऊन, बागांमधून गर्दी, आइस्क्रीमच्या गाड्यांपुढे रांगा.’ चित्रं दाखवतात लंडनच्या बागांची आणि ब्रायटनच्या किनाऱ्याची. आमच्या खिडकीबाहेर मात्र रिपरिप चालू. दोरीवरचे कपडे तिसऱ्यांदा आत आणलेले. मी अंगात स्वेटर, पायात लोकरी मोजे. तेवढ्यात भाच्याचा फोन, “मावशी, काय मस्त ऊन पडलंय! तुम्ही बाहेर पडलात की नाही?” तो फोन ठेवते न ठेवते तोच साताऱ्याहून वहिनी, “अगं, तिकडे म्हणे उष्णतेची लाट आली आहे! पेपरात वाचलं. ताक पीत जा, दुपारची बाहेर पडू नकोस.” मी वहिनींना सांगते की इथे हीटर लावायचा की नाही यावर लेक-जावयाची चर्चा चालू आहे. त्यांना वाटतं मी थट्टा करते आहे. कारण पेपरात छापून आलेलं असतं ना!

गैरसमज नको, माझं पावसाशी काही वैर नाही. महाबळेश्वरच्या पायथ्याशी ज्यांचा जन्म गेला त्यांनी लँकेशरच्या भुरभुरीला घाबरायचं म्हणजे कमालच झाली. इथला पाऊस तसा सभ्य. आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही, पागोळ्या वाजत नाहीत. नुसता हवेत तरंगत असतो आणि छत्री असून नसून सारखंच. माझा त्रागा आहे तो ‘देशभर’ आणि ‘आपला’ या दोन शब्दांवर. राजधानीत ऊन पडलं म्हणजे देशात उन्हाळा आला, आणि उरलेल्यांनी ‘आमच्याकडे नाही हो आला’ म्हटलं की ती कुरकुर! उत्तरेकडच्या माणसांना कुरकुऱ्या स्वभावाचं म्हणण्याची इथे रीतच आहे. सात दिवस मळभ सोसून आठव्या दिवशी ‘वा, काय सुंदर उन्हाळा’ हे टीव्हीवरून ऐकायला लागलं, तर कुरकुरणार नाही तर काय करणार माणूस?

मास्तरकी रक्तात असल्यामुळे थोडा भूगोल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कंटाळा येणाऱ्यांनी दोन परिच्छेद सोडून वाचावं, मी रागावणार नाही.

अख्ख्या युनायटेड किंगडमचं क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर. एकट्या महाराष्ट्राचं ३ लाख ८ हजार. म्हणजे आपल्या राज्याहून लहान देश. पण लांबट. लंडन साडेएकावन्न अक्षांशावर, तर शेटलंड बेटं साठाव्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा, शेटलंडचा जवळजवळ एकोणीस तासांचा. उजेड उत्तरेला जास्त, ऊब दक्षिणेला जास्त, अशी ही वाटणी. जुलैतलं लंडनचं सरासरी कमाल तापमान २४ अंशांच्या जवळपास, मँचेस्टर भागाचं २१ च्या आसपास आणि शेटलंडमधल्या लर्विकचं सुमारे १५. नऊ अंशांचा फरक झाला की हो! आपल्याकडे एवढ्या फरकात माणूस पंखा बंद करून गोधडी काढतो.

पावसाचं म्हणाल तर वाऱ्याची मुख्य दिशा पश्चिमेची. अटलांटिकवरून वारे ओले होऊन येतात, वेल्सचे डोंगर, लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंडचे पहाड आणि पेनाइन्सची रांग चढता चढता पाऊस टाकतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. पेनाइन्स सह्याद्रीच्या मानाने अगदी बुटके. त्यातलं सर्वांत उंच शिखर क्रॉस फेल, तेही ८९३ मीटर. पण काम तेच करतात. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेट या खेड्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि साधारण त्याच पट्ट्यात पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूकॅसलला सुमारे ६५०. एसेक्सच्या किनाऱ्यावर तर ५०० ते ५५०. लंडनला ६०० च्या आसपास. म्हणजे ‘पावसाळी’ म्हणून जगभर बदनाम झालेल्या लंडनला वर्षाकाठी आपल्या पुण्याहून कमी पाऊस पडतो! महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर, तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा आणि पुढे माण-खटावला ५०० च्या आगेमागे, हे ज्यांनी फळ्यावर वर्षानुवर्षं काढून दाखवलं, त्यांना पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय हे निराळं सांगावं लागत नाही. बोल्टन त्या रांगेच्या ओल्या बाजूला, पश्चिम पायथ्याशी आहे एवढं ध्यानात घ्या म्हणजे झालं. आमच्या गावामागच्या टेकडीचं नावच मुळी विंटर हिल. गंमत म्हणजे टीव्हीचा उंच मनोरा याच टेकडीवर आहे. उन्हाळ्याच्या बातम्या आमच्या घरात येतात त्या विंटर हिलवरून!

उन्हाळ्यात आणखी एक भानगड होते. दक्षिणेकडून अझोर्स बेटांजवळचा जास्त दाबाचा प्रदेश हातपाय पसरतो आणि त्याच्या कुशीत इंग्लंडचा आग्नेय कोपरा अलगद येतो. फ्रान्स-स्पेनवरून गरम हवाही तिथेच आधी पोचते. कमी दाबाचे पट्टे मग उत्तरेच्या वाटेने, आइसलंड आणि स्कॉटलंडच्या मधून सरकत राहतात आणि त्यांच्या शेपट्या आमच्या अंगावरून जातात. उंचावरचा जेट प्रवाह थोडा दक्षिणेला सरकला की लंडनही भिजतं. तसा तो सरकला आणि चार दिवस लंडन भिजलं, की ‘यंदा उन्हाळा गेला कुठे?’ असे मथळे येतात. आमचा गेलेला असतो तेव्हा मथळे येत नाहीत.

बरं, उत्तर म्हणजे तरी काय एकच आहे? वारा पूर्वेचा झाला की सगळं उलटं. उत्तर समुद्रावरचं थंड धुकं एडिंबरो, न्यूकॅसलच्या किनाऱ्यावर येऊन बसतं. स्कॉटलंडमध्ये त्याला ‘हार’ म्हणतात, ईशान्य इंग्लंडमध्ये ‘फ्रेट’. तेव्हा तिथली माणसं कोट घालून फिरतात, आणि डोंगराच्या या बाजूला आम्ही चक्क उन्हात वाटाणे सोलत बसतो. लेकीची एक मैत्रीण न्यूकॅसलला असते. अशा दिवसांत ती फोनवर आमच्यावर चिडते. मला तिचं अगदी पटतं.

या सगळ्याची क्रिकेटमुळे आपल्या लोकांना थोडी ओळख आहे. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर जुलै १९५२ मध्ये ओलसर खेळपट्टीवर आपला संघ एकाच दिवसात दोनदा बाद झाला होता, ५८ आणि ८२. त्याच मैदानावर जून १९७४ मध्ये आपल्या सुनील गावसकरांनी शतक ठोकलं. आणि ९ जुलै २०१९ तर सगळ्यांनाच आठवत असेल. विश्वचषकाचा उपांत्य सामना, न्यूझीलंडची ४७ वी ओव्हर चालू असताना पाऊस आला आणि सामना दुसऱ्या दिवसावर गेला. आपण १८ धावांनी हरलो. त्या रात्री सातारा, सांगली, पुण्याहून जेवढे फोन आले तेवढे माझ्या वाढदिवसालाही येत नाहीत. “जुलैत पाऊस कसा काय हो? तिकडे उन्हाळा ना?” पुढे जुलै २०२३ मध्ये इंग्लंडलाच याचा फटका बसला. जिंकत आलेली ॲशेसमधली कसोटी शेवटच्या दिवशी इथे पावसाने धुऊन नेली आणि चषक ऑस्ट्रेलियाकडेच राहिला.

आता मुद्द्याकडे येते. शास्त्रज्ञांशी माझं भांडण नाही. उलट त्यांना हे सगळं पक्कं ठाऊक आहे. उष्णतेची लाट कशाला म्हणायची, याची व्याख्याच इथल्या हवामान खात्याने परगण्यागणिक वेगळी ठेवली आहे. सलग तीन दिवस लंडनमध्ये २८ अंश गाठले तर लाट. आमच्याकडे आणि स्कॉटलंडमध्ये २५ अंशांवर लाट. आपल्या हवामान खात्याचंही तसंच आहे, सपाटीवर किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३०. म्हणजे मोजणाऱ्याला कळतं की चिपळूणचं ऊन आणि चंद्रपूरचं ऊन एका तराजूत तोलायचं नसतं. हे शहाणपण मोजण्याच्या खोलीतून बोलण्याच्या खोलीत येईपर्यंत वाटेत कुठे सांडतं, हा माझा प्रश्न आहे.

२००५ सालची एक गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. बीबीसीने त्या वर्षी मे महिन्यात हवामानाचा नवा नकाशा आणला. आकाशातून खाली बघावं तसा, थोडा कललेला. त्यात बघणारा जणू दक्षिणेकडे उभा. त्यामुळे दक्षिण इंग्लंड ऐसपैस दिसू लागलं आणि स्कॉटलंडचं उत्तर टोक दूर, चिंचोळं होऊन बसलं. स्कॉटिश लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला आणि थोड्याच दिवसांत नकाशाचा कल कमी करावा लागला. मी अनेक वर्षं मुलांना नकाशे काढायला शिकवले आहेत. तुम्ही कुठे उभे राहून बघता, यावर कोण मोठा आणि कोण छोटा दिसणार हे ठरतं. नकाशाचा कल दुरुस्त झाला. बोलण्याचा अजून व्हायचा आहे.

कुणी म्हणेल, आजीबाई, एवढ्या-तेवढ्या शब्दावरून काय बिघडतं? बिघडतं. २०२५ चंच उदाहरण घ्या. त्या वर्षीचा उन्हाळा १८८४ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत उष्ण ठरला. सरासरी तापमान १६.१ अंश, २०१८ च्या १५.७६ पेक्षाही वर. आता याच विक्रमी उन्हाळ्यात, ४ ऑगस्टला, स्कॉटलंडवर फ्लोरिस वादळ आदळलं. गाड्या रद्द, झाडं आडवी, एडिंबरोच्या किल्ल्यावरचा प्रसिद्ध लष्करी संचलनाचा कार्यक्रमही त्या रात्री रद्द. सरासरी खोटी नाही. पण सरासरी कुणाच्या अंगणात पडत नाही.

आणि त्याच वर्षी दुसरं टोकही दिसलं. इंग्लंडमध्ये शंभराहून जास्त वर्षांतला सर्वांत कोरडा वसंत गेला आणि दुष्काळ सर्वांत आधी जाहीर झाला तो कुठे? आमच्या या ‘भिजक्या’ वायव्येत, मे महिन्यात! पाठोपाठ जूनमध्ये यॉर्कशरमध्ये. जुलैत यॉर्कशरच्या लोकांवर नळीने बागेला पाणी घालायची बंदी आली. भाचा फोनवर हसला, “मावशी, तुमच्याकडे आणि दुष्काळ?” त्याला हसू येणं साहजिक आहे, कारण उत्तर म्हणजे पाऊस असं त्याच्या डोक्यात बसलेलं. पण कारण साधं आहे. इकडचं पाणी मुख्यतः डोंगरातल्या तलावांमधून आणि धरणांमधून येतं. मँचेस्टरने तर १८९४ पासून लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअरचं पाणी ९६ मैलांवरून आणलेलं आहे. असे साठे पावसाने पटकन भरतात आणि पाऊस थांबला की पटकन आटतात. आग्नेयेकडे पुष्कळ ठिकाणी पाणी जमिनीखालच्या खडूच्या थरात मुरलेलं असतं. ते सावकाश भरतं आणि सावकाश उतरतं. म्हणजे दोन्हीकडचे दुष्काळ वेगळे, त्यांची चाहूल वेगळी, उपाय वेगळे. ‘तिकडे काय, सदाच पाऊस’ असं एकदा म्हणून टाकलं की तिकडचा माणूस खरोखर पाण्याला मोताद झाला तरी कुणाला खरं वाटत नाही. कोकणातल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो हे घाटावरच्यांना कुठे चटकन खरं वाटतं? त्यातलाच हा प्रकार.

शिक्षिका म्हणून मला सर्वांत जास्त टोचते ती शाळेची सुट्टी. इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते. आमच्या वायव्य भागात वर्षातले त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल, मे आणि जून. ऑगस्ट ओला. म्हणजे ऊन असतं तेव्हा लेकरं वर्गात खिडकीकडे तोंड करून बसलेली, आणि मोकळी सुटतात ती नेमकी भुरभुरीत. माझा नातू दरवर्षी विचारतो, “आजी, सुट्टी लागली की पाऊस का लागतो?” मी त्याला पश्चिमी वारे समजावून सांगते. पण त्याचा प्रश्न वाऱ्यांचा नसून वेळापत्रकाचा आहे, हे मलाही कळतं. ज्यांना परवडतं ते सुट्टीत स्पेन-पोर्तुगालला जातात, तेही नेमके तिकिटं सर्वांत महाग असतात तेव्हा. ज्यांना परवडत नाही त्यांची मुलं सहा आठवडे घरात. त्यांच्या आया कामावर. नातवाच्या वर्गात अशी मुलं थोडीथोडकी नाहीत.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. स्कॉटलंडच्या शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला भरतात. त्यांच्या मोठ्या परीक्षा एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन जून उजाडेपर्यंत आटोपतात. लेस्टर भागातल्या शाळा, तिथल्या जुन्या कापड-मोजे कारखान्यांच्या सुट्टीची आठवण म्हणून की काय, आजही इतरांच्या आधी सुटतात. आणि आमच्या लँकेशरमध्ये तर ‘वेक्स वीक’ची रीतच होती. शेजारच्या आजीबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, तरुणपणी गिरणीत कामाला होत्या. त्या सांगतात, प्रत्येक गावाचा आठवडा ठरलेला, जून ते सप्टेंबरच्या दरम्यान कधीतरी. या गावाचा हा, पलीकडच्या गावाचा पुढचा. त्या आठवड्यात गिरण्यांचे भोंगे बंद, दुकानं बंद, अख्खं गाव आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रावर. पुष्कळ गावांतल्या शाळाही त्याच हिशेबाने सुट्टी देत. गिरण्या गेल्या, तशी ही रीतही गेली. मालकांनी ती हवामान बघून घातली होती असं मी म्हणत नाही. पण सुट्टी गावाची असू शकते, देशाची एकच असावी लागत नाही, हे तेव्हा जमत होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. आज संगणक असताना न जमायला काय झालं? परीक्षांच्या तारखांची अडचण खरी आहे, पण स्कॉटलंडने ती सोडवलेली आहे. अवघा शंभर-सव्वाशे मैलांवर तर आहे स्कॉटलंड.

दक्षिणेच्या लोकांवर माझा राग आहे असं मात्र समजू नका. त्यांचं ऊन हे काही निव्वळ भाग्य नव्हे. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. या देशात ४० अंश प्रथमच. लंडनच्या पूर्व कडेला वेनिंग्टनमध्ये घरं जळाली. त्या उन्हाळ्यातल्या उष्ण दिवसांत इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा जवळपास ३ हजार मृत्यू जास्त झाले, त्यात माझ्या वयाचे आणि माझ्याहून मोठे फार. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली. वाळ्याचे पडदे नाहीत, माळ्याखाली हवा खेळायला जागा नाही, पुष्कळांच्या घरी साधा पंखाही नाही. अशा दिवसांतही टीव्हीवर आइस्क्रीम आणि समुद्रकिनारे दाखवत बसले, तर चौथ्या मजल्यावरच्या खोलीत तळमळणाऱ्या लंडनच्या म्हातारीलाही ‘आपला उन्हाळा’ परकाच वाटत असणार. तिचा आणि माझा उन्हाळा अगदी उलटा, पण दोघींनाही टीव्हीवर जागा नाही. म्हणून म्हणते, हे भांडण उत्तर-दक्षिणेचं नाही. ज्याला जे भोगायला लागतं त्याला त्याच्या ठिकाणाच्या नावाने ओळखा, एवढंच मागणं आहे.

आपल्याकडे तरी काय निराळं आहे म्हणा! २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३. एका शहराच्या दोन टोकांना एवढी तफावत, तर राज्याचं काय घेऊन बसलात? तरी मुंबईची लोकल बंद पडली की ‘महाराष्ट्राला पावसाने झोडपलं’ अशा बातम्या होतात. त्या वेळी माणदेशात चारा छावणी चालू असली तरी तिला आतल्या पानावर चार ओळी. आमच्या शाळेत म्हसवडकडचा एक मुलगा होता. ‘महाराष्ट्रातला पावसाळा’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला तर त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या, की पाऊस पेपरात आला, आमच्या गावात आला नाही, म्हणून माझा निबंध लहान आहे. मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले. शुद्धलेखनाचा एक कापला.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. इथे रोजच्या बातम्या ऐकताना त्याचा निबंध हमखास डोळ्यांपुढे येतो. काय फार मागितलं होतं त्याने? बातमी देणाऱ्याने ‘देशभर’ म्हणण्याआधी क्षणभर थांबावं आणि जिथे ऊन आहे त्या गावाचं नाव घ्यावं. ‘आग्नेय इंग्लंडमध्ये आज कडक ऊन आहे, वायव्येत पाऊस आहे, ईशान्य किनाऱ्यावर धुकं आहे.’ बोलायला फार तर दहा सेकंद जास्त लागतील. शाळांच्या सुट्ट्या, पाण्याचे निर्बंध, म्हाताऱ्यांना द्यायचे इशारे, हे सगळं जिथल्या तिथलं आभाळ बघून ठरवावं. जे पाठ्यपुस्तकात सहावीच्या मुलाला आम्ही शिकवतो, तेवढं मोठ्यांनी पाळावं, यात अवघड ते काय?

असो. बाहेर आता जरा उघडलं आहे. लेकीने कपडे पुन्हा दोरीवर घातले आहेत. तुमच्याकडे आज काय आहे ते जरूर कळवा, पण गावाचं नाव घालून. नुसतं ‘आमच्याकडे’ चालणार नाही, गुण कापले जातील!